सर्व्हर रॅकमधला यूपीएस ऐनवेळी का पडतो : परभणीतल्या एका उन्हाळ्याचा अनुभव

परभणीतल्या एका संस्थेच्या सर्व्हर रूममध्ये मी रुजू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा एप्रिलमधल्या एका दुपारी लाईट गेली आणि तिच्याबरोबर दोन्ही सर्व्हरही बंद पडले. रॅकच्या तळाशी 3 केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस होता, म्हणजे लाईट गेल्यावर क्षणाचाही खंड न पडता बॅटरीवर वीज देत राहणारे यंत्र. त्याच्या पडद्यावर ‘बॅटरी 100 टक्के, लोड (जोडलेल्या यंत्रांचा भार) 38 टक्के’ असे मी त्याच दिवशी सकाळी वाचले होते, आणि त्या हिशेबाने किमान पंधरा मिनिटांचा बॅकअप मिळायला हवा होता; प्रत्यक्षात मिनिटभरही मिळाला नाही. डेटाबेसमधली नोंद अर्धवट राहिल्यामुळे फाइल बिघडली आणि ती आधी जतन केलेल्या प्रतीवरून पूर्ववत करण्यात माझी ती रात्र गेली. हार्डवेअर आणि नेटवर्किंगच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना अशी दुपार कधी ना कधी पाहावी लागते, म्हणून तो बिघाड कसा सापडला ते सविस्तर लिहीत आहे.

दुसऱ्या दिवशी आलेल्या दुरुस्ती करणाऱ्याने यूपीएस चालू-बंद करून पाहिला आणि चार्जरचा बोर्ड गेला असल्याचे सांगून बोर्ड बदलण्याचा अंदाजखर्च लिहून दिला. त्याने मल्टीमीटर पिशवीतून बाहेरही काढला नव्हता, एवढे एकच माझ्या मनाला खटकले. आमच्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट, 9 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) च्या सहा सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या होत्या. अशी बॅटरी सतत चार्जवर असताना तिच्यावर साधारण 13.5 ते 13.8 व्होल्ट असावे लागतात, म्हणजे सहा बॅटऱ्यांच्या माळेवर 81 ते 83 व्होल्ट. मी मोजले तेव्हा 81.8 भरले. चार्जर आपले काम नीट करत होता, आणि बोर्ड बदलला असता तर पैसे जाऊन बिघाड मात्र तसाच राहिला असता.

मग पडद्यावरच्या 100 टक्क्यांचे काय? तो आकडा बहुतेक यूपीएस व्होल्टेजवरून आणि मागच्या नोंदींवरून अंदाजाने काढतात. बॅटरीत प्रत्यक्ष किती दम उरला आहे, हे लोड दिल्याशिवाय कळत नाही. लोडचा हिशेबही स्वतः करायला शिकावे. 3 केव्हीए म्हणजे 3000 वॉट नव्हेत. आमच्या यंत्राचा पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला प्रत्यक्ष वॉट म्हणून मिळणारा हिस्सा, 0.9 होता, म्हणजे क्षमता 2700 वॉट आणि 38 टक्के म्हणजे हजारेक वॉट. एवढ्या लोडला बॅटऱ्यांमधून पंधराएक अँपिअर करंट ओढला जातो, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

ती परीक्षा घ्यायला आम्हाला मदत केली ती संस्थेचे विजेचे काम जुन्या काळापासून पाहणाऱ्या एका मामांनी. मी यूपीएस उघडायला निघालो तेव्हा ते म्हणाले, “साहेब, उघडायची घाई करू नका. आधी त्याच्यावर ओझं टाकून बघू. रिकाम्या हातानं उभं राहिलेलं माणूस धडधाकटच दिसतंय.” रविवारी सगळ्यांना आधी कळवून आम्ही दोन्ही सर्व्हर रीतसर बंद केले, आणि मामांनी लाकडी फळीवर 200 वॉटचे पाच बल्ब बसवलेला बोर्ड आणून यूपीएसला जोडला. चालू सर्व्हरवर अशी चाचणी कधीही घेऊ नये.

इनपुटचा एमसीबी (यूपीएसला येणारी वीज तोडणारा स्विच) पाडण्याआधी बॅटऱ्यांचा ट्रे पुढे ओढून, रबरी हातमोजे घालून, मामांनी एकेका बॅटरीवर मीटर लावला. पाच बॅटऱ्यांवर 13.5 व्होल्ट होते आणि आतल्या बाजूच्या सहाव्या बॅटरीवर 14.3. बेरीज बरोबर, पण वाटणी चुकलेली. चार्जरला फक्त बेरीज दिसते, त्यामुळे त्याची काहीच तक्रार नव्हती. एमसीबी पाडला, बल्ब क्षणभरही न मिचकता जळत राहिले आणि मामांनी मीटरची टोके सहाव्या बॅटरीवर धरून ठेवली. आकडा 11 वर आला, मग 9, मग 7, आणि 3 च्या आसपास पोहोचताच यूपीएसने लांब शिट्टी देऊन सगळे बल्ब विझवले. जेमतेम चाळीस सेकंद झाले असतील. पाच बॅटऱ्या तोवर 12 च्या जवळपास टिकून होत्या. पण अशी माळ एका बॅटरीमागे साधारण 10.5, म्हणजे एकूण 63 व्होल्टवर आली की यूपीएस स्वतःला बंद करतो, आणि एका बॅटरीने सगळ्या माळेची बेरीज तिथवर खाली ओढली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. इनपुटची वायर काढली तरी बॅटऱ्यांची माळ जिवंतच असते, आणि सत्तर-ऐंशी व्होल्टचा डीसी धक्का जीवघेणा ठरू शकतो. पान्याचे टोक दोन टर्मिनलना एकदम टेकले तर धातू वितळून उडतो. बोटातली अंगठी, मनगटावरचे घड्याळ किंवा कडे काढून ठेवावे, इन्सुलेटेड हत्यारेच वापरावीत आणि पहिली काही वर्षे हे काम एकट्याने मुळीच करू नये. यूपीएसच्या आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यानंतरही काही वेळ चार्ज राहतो, म्हणून मुख्य बोर्डाकडे हात नेण्याचा मोह टाळावा.

नेमकी तीच बॅटरी का गेली, याचे उत्तर आम्हाला खोलीत सापडले. वीजबिल वाचवण्यासाठी संध्याकाळी सहानंतर एसी बंद करण्याचा नियम होता. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा 42 अंशांच्या वर जातो आणि स्लॅबखालची खोली रात्रभर तापलेलीच राहते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य 25 अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यावर सतत आठ-दहा अंश जास्त राहिले तर ते जवळजवळ निम्मे होते. सहावी बॅटरी यूपीएसच्या तापणाऱ्या भागाला खेटून होती, त्यामुळे उष्णतेचा सर्वांत जास्त मारा तिच्यावर झाला होता आणि तिची एक बाजू बोटाला जाणवेल इतकी फुगलेली होती.

हिशेब विभागाने विचारले की, एकच बॅटरी खराब असेल तर सहा कशासाठी घ्यायच्या? प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देता येणे हाही आपल्या कामाचाच भाग आहे. जुन्या आणि नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध वेगळा असतो, त्यामुळे चार्जिंगचे व्होल्टेज पुन्हा असमान वाटले जाते आणि वर्षभरात दुसरी एखादी बॅटरी बसते. आम्ही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात तयार झालेल्या सहा बॅटऱ्या घेतल्या, रात्रभर चार्ज केल्या आणि मगच बल्बच्या बोर्डावर तपासल्या. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला दिल्या नाहीत; त्यांत शिसे असते आणि 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे त्या अधिकृत पुनर्वापराकडे जाणे अपेक्षित आहे. एसीचा नियमही त्या आठवड्यात बदलला.

बॅटरी हे पहिले कारण असले तरी एकमेव नव्हे. त्याच उन्हाळ्यात मे महिन्यात यूपीएसवर वायरिंगच्या दोषाचा लाल दिवा लागला. हा दिवा फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेल्यावरही लागतो, म्हणून आधी टेस्टरने सॉकेट तपासले. ते बरोबर होते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मात्र 9 व्होल्ट निघाले, जे दोन-तीनच्या वर असू नयेत. आपल्या काळ्या जमिनीचे वैशिष्ट्य असे की ओली असताना ती अर्थिंगला चांगली साथ देते, पण उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते. इमारतीमागचा अर्थिंगचा खड्डा उघडला तेव्हा भेगेत अख्खा हात जाईल अशी स्थिती होती. परवानाधारक वायरमनकडून खड्डा पुन्हा भरून घेतला, दिवसाआड दोन बादल्या पाणी घालण्याची व्यवस्था केली, आणि चार दिवसांनी मीटरवर 1.8 आले.

जनरेटर चालू असताना यूपीएस सारखा ‘टक टक’ करत बॅटरीवर जात-येत असेल, तर बहुधा जनरेटरची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवर स्थिर नसते. यूपीएसला दोष देण्याआधी मेकॅनिककडून गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारा भाग, तपासून घ्यावा. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये. त्याचा हीटर क्षणभर मोठा करंट ओढतो आणि ओव्हरलोडचा अलार्म वाजतो.

ज्यांना या क्षेत्रात यायचे आहे त्यांनी सर्व्हर आणि राउटरचे कोर्स जरूर करावेत, परंतु आयटीआयमधल्या किंवा ओळखीच्या एखाद्या इलेक्ट्रिशियनसोबत दोन महिने काढून मल्टीमीटर, अर्थिंग आणि बॅटरी एवढे हाताखालून घालावे. मुलाखतीत हे फारसे कोणी विचारत नाही. लाईट गेल्यावर मात्र सगळे तुमच्याकडेच पाहतात. बॅकअप संपत आला की सर्व्हर आपोआप रीतसर बंद व्हावेत म्हणून यूपीएस आणि सर्व्हर यांच्यात यूएसबी किंवा नेटवर्क कार्डाची जोडणी करून ठेवावी. आमच्याकडे ती केबल खोक्यातच पडून होती, आणि ती लावलेली असती तरी त्या दुपारी मिळालेल्या मिनिटभराहूनही कमी वेळात तिचा उपयोग झाला नसता.

आता रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर बॅटऱ्या बसवल्याची तारीख, सहाही बॅटऱ्यांचे व्होल्टेज, खोलीचे तापमान आणि न्यूट्रल-अर्थचा आकडा दर तीन महिन्यांनी लिहिला जातो, आणि चाचणीच्या रविवारी मामा बल्बचा तोच बोर्ड घेऊन येतात.