हिरड्यांतल्या जंतूंवर मेदाम्लांचा उपयोग कसा करून घ्यावा

चूळ टाकताना लाळेत गुलाबी छटा दिसली की बरेच जण ब्रशला दोष देतात आणि त्या जागी ब्रश फिरवणंच सोडतात. नेमकं तिथेच चुकतं. बहुतेक वेळा ते रक्त सुजलेल्या हिरडीचं असतं, आणि सूज येते ती दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे. जागा घासायची सोडली की थर आणखी जाड होतो.

या जंतूंपैकी पोर्फायरोमोनास जिंजिवालिस हा सर्वांत अभ्यासलेला. त्याला ऑक्सिजन नको असतो, म्हणून तो हिरडीखालच्या खोल फटीत राहतो. लॉरिक आम्लासारखी नैसर्गिक मेदाम्लं, म्हणजे तेला-तुपाचे घटक, प्रयोगशाळेत त्याला मारतात. मेदाम्लाच्या रेणूला लांब तेलकट शेपटी असते आणि जंतूचं आवरणही तेलकट रेणूंचंच असतं. शेपटी त्यात घुसते, आवरण सैल होऊन फाटतं, आतला ऐवज बाहेर झिरपतो. आपल्या लाळेतही अशी मेदाम्लं थोडी असतात, हे मला फार मोलाचं वाटतं: शरीर हे हत्यार आधीपासूनच वापरतं आहे.

मग तेल तोंडात धरलं की काम झालं का? नाही. खोबरेल तेलातल्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, पण ते ग्लिसरॉल नावाच्या रेणूला बांधलेलं असतं. मारक ठरतं ते मुख्यतः मोकळं झालेलं आम्ल, आणि तोंडात ते फार थोडंच मोकळं होतं. शिवाय थराच्या आत दडलेले जंतू प्रयोगशाळेतल्या नळीत एकेकटे तरंगणाऱ्या जंतूंपेक्षा कितीतरी चिवट असतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी थर मोडायचा, तेल नंतर.

पायरी १: आरशात पाहा. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू बघा. लाळेची नळी तिथेच उघडते, त्यामुळे किटण आधी तिथे धरतं. नखाला खरखरीत, पिवळट आणि घट्ट लागलं तर ते किटण. ते तेलानेही निघत नाही, ब्रशनेही नाही. दंतवैद्याकडून काढून घ्यावं लागतं.

पायरी २: फटी मोकळ्या करा. रोज एकदा, शक्यतो रात्री. फ्लॉसचा दोरा दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा वळसा घालून हिरडीच्या कडेखाली अलगद सरकवा आणि वर-खाली घासा. फट रुंद असेल तर दातांच्या मधला छोटा ब्रश चांगला. सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल, थांबू नका.

पायरी ३: तेलाची चूळ. ही पायरी ऐच्छिक आहे. एक छोटा चमचा तेल घेऊन पाचेक मिनिटं दातांमधून सावकाश फिरवा. घट्ट तेल हळूहळू पातळ होऊन लाळेत मिसळतं आणि दुधाळ पांढरं होतं. गिळू नका, खोल गुळण्या करू नका. तेलाचा थेंब श्वासनलिकेत गेला तर फुफ्फुसाला सूज येऊ शकते. लहान मुलांनी आणि गिळायला त्रास असलेल्यांनी ही पायरी टाळावीच. थुंकायचं ते कचऱ्यात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि नळ तुंबवतं.

पायरी ४: शेवटी ब्रश. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, हिरडीच्या कडेकडे ४५ अंशांत तिरपा, २ मिनिटं. पेस्ट थुंका, पण लगेच पाण्याने खळाळून चूळ भरू नका. तेल ब्रशनंतर घेतलं तर फ्लोराइड धुऊन जातं, म्हणून तेल आधी.

पायरी ५: दोन आठवडे नोंद ठेवा. रक्त रोज कुठल्या दाताजवळ येतं ते लिहा. नुसती हिरडी सुजलेली असेल तर नीट स्वच्छतेने ती पूर्ववत होते. रक्त थांबलं नाही, दात हलू लागला, पू आला किंवा हिरडी मागे सरकलेली दिसली तर तेल बाजूला ठेवा आणि दंतवैद्य गाठा. मधुमेह असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

दंतवैद्याकडे हिरडीखालची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. १ ते ३ ठीक. ४ आणि त्यापुढे कप्पा तयार झालेला असतो. एवढ्या खोल तोंडातली चूळ पोचतच नाही, मग ती तेलाची असो वा औषधाची. मुळावरचं किटण उपकरणाने खरवडून काढलं की मग घरची स्वच्छता पुन्हा उपयोगी पडते. उपचारानंतर साधारण दर तीन महिन्यांनी ही खोली पुन्हा मोजून घ्या आणि आकडा आधीच्या नोंदीशेजारी लिहा.