ब्रिटिश लिटरेचरमध्ये मॅकबेथ आहे? असं वाचा

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला बऱ्याच शाळांत ब्रिटिश लिटरेचर असतं, त्यात शेक्सपिअरचं मॅकबेथ हे नाटक आलं की मुलं भाषेलाच घाबरतात. सारांश आधी वाचून टाका, खुशाल वाचा, मग ऑडिओ लावून पुस्तकात बोट ठेवत ऐका, नाटक आहे ते, कानानेच कळतं. नाटक कोणत्या काळातलं तेही थोडं बघा: 1603 ला जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला, 1605 ला गनपावडर प्लॉट, म्हणजे त्याला बंदुकीच्या दारूने उडवायचा कट, आणि नाटक साधारण 1606 चं, म्हणजे नाटकातला राजाचा खून हा विषय तेव्हा किती ताजा असेल! रक्त, झोप, अंधार हे शब्द दिसले की अंक आणि प्रवेश टाकून वहीत लिहाच, निबंधाला हेच पुरावे लागतात. चेटकिणींच्या ओळी टाळी वाजवत मोठ्याने म्हणा, जोर पहिल्याच अक्षरावर येतो, बाकी पात्रांच्या ओळींत बहुतेक दुसऱ्यावर.