धर्मादाय उपक्रमातले पाहुणे आणि दायित्वमुक्ती पत्र : या चुका टाळा

मदतनिधीसाठी काढलेली पदयात्रा, सायकल फेरी, दोरावरून कडा उतरण्याचा कार्यक्रम, नदीकाठची स्वच्छता. अशा ठिकाणी सहभागी माणसाकडून दायित्वमुक्ती पत्र घेतले जाते, म्हणजे धोका समजला आहे आणि इजा झाल्यास आयोजकांवर दावा करण्याचा हक्क सोडतो असे सहीचे पत्र. आधी नोंदणी केलेल्यांची ही पत्रे बहुधा जागेवर असतात. घोळ होतो तो पाहुण्यांचा. सदस्य ऐनवेळी मेहुण्याला सोबत आणतो, देणगीदार मुलीला घेऊन येतो, आणि "एवढे काय, मी आहे ना" म्हणत तेही रांगेत उभे राहतात. सदस्याने वर्षाच्या सुरुवातीला भरलेले पत्र त्याच्यापुरते असते, पाहुण्याला ते लागू होत नाही.

एकाने सगळ्यांसाठी सही करणे

गटप्रमुख यादीखाली सही करतो आणि आयोजक निर्धास्त होतात. पण सज्ञान माणसाचा हक्क त्याच्या वतीने दुसऱ्याला सहज सोडता येत नाही, नवऱ्याला बायकोचाही नाही. ऑनलाइन नोंदणीत हेच वेगळ्या रूपात घडते: एक जण चार तिकिटे काढतो, चौकोनात एकदाच खूण करतो, आणि बाकीच्या तिघांनी मजकूर पाहिलेलाही नसतो. प्रत्येक पाहुण्याला त्याच्या स्वतःच्या फोनवर वेगळी लिंक पाठवा. चौकोन आधीच खूण केलेला नको. मान्यतेची तारीख, वेळ आणि पत्राची कोणती आवृत्ती त्याने पाहिली हे साठवा, आणि भरलेल्या पत्राची प्रत त्याला लगेच पाठवा.

ऐनवेळी येणाऱ्यांसाठी नोंदणीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके कोरे अर्ज टेबलावर ठेवा. पत्र जमा झाल्याशिवाय छातीवरचा क्रमांक किंवा मनगटपट्टी द्यायची नाही, आणि तो क्रमांक पत्रावर लिहायचा. मग सुरुवातीच्या रेषेवर पट्टी नसलेला माणूस कोणत्याही स्वयंसेवकाला दिसतो. हा नियम अध्यक्षांच्या पाहुण्यांनाही लावा. अपवाद तिथूनच सुरू होतात.

पत्राकडून नको ती अपेक्षा

सगळ्यांत महागात पडणारी समजूत म्हणजे सही घेतली की आपली जबाबदारी संपली. पत्राचे खरे काम मर्यादित आहे. त्या उपक्रमात मुळातच असलेला धोका पाहुण्याला सांगितला होता आणि तो समजून तो आला, एवढे ते दाखवते. ओल्या खडकावर पाय घसरणे त्यात बसते. झिजलेला दोर, न तपासलेला हार्नेस (दोराला अडकवायचा कमरपट्टा), वळणावर माणूस उभा न करणे हे त्यात बसत नाही. तो आयोजकाचा निष्काळजीपणा. ब्रिटनमध्ये 1977 च्या अनफेअर कॉन्ट्रॅक्ट टर्म्स कायद्यानुसार, आणि ग्राहकांच्या बाबतीत आता 2015 च्या कन्झ्युमर राइट्स कायद्यानुसार, व्यवसायाला आपल्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची वा शारीरिक इजेची जबाबदारी कोणत्याही करारातून किंवा सूचनेतून झटकता येत नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात तर शारीरिक इजेची जबाबदारी आगाऊ नाकारणारे कलमच रद्दबातल ठरते. इतर काही ठिकाणी नीट लिहिलेले पत्र न्यायालय मानते. म्हणून इंटरनेटवरून दुसऱ्या देशाचा नमुना उचलू नका. स्थानिक वकिलाला दाखवा, आणि त्याआधी विमा कंपनीला विचारा: तिला स्वतःचा मजकूर हवा असतो का, आणि पॉलिसीत पाहुणे धरले आहेत की फक्त सदस्य. दोर, पाणी आणि उंची यांचा समावेश पॉलिसीत आपोआप होत नाही, तो लेखी मागावा लागतो.

"आम्ही धर्मादाय आहोत, पैसे घेत नाही" हाही बचाव तोकडा पडतो. अमेरिकेचा 1997 चा व्हॉलंटिअर प्रोटेक्शन कायदा ठरावीक मर्यादेत स्वयंसेवकाला वाचवतो, संस्थेला नाही. घोर निष्काळजीपणा आणि वाहन चालवताना झालेला अपघात त्यातही बसत नाहीत.

"सर्व प्रकारचे धोके"

या तीन शब्दांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. सायकल फेरीच्या पत्रात रस्त्यावरची वाहतूक, उतारावरचा वेग, खड्डे, उष्णतेचा त्रास हे हवे. नदीकाठच्या स्वच्छतेत फुटकी काच, सुया, निसरडा काठ, साप. अंतर, चढ, लागणारा वेळ आणि मोबाइलचे नेटवर्क कुठे मिळत नाही हेही लिहा. जबाबदारीतून कोणाला मुक्त केले जात आहे याची नावे स्पष्ट हवीत: संस्था, स्वयंसेवक, जागेचे मालक, साहित्य पुरवणारे. मजकूर एका पानात, 12 पॉइंटच्या अक्षरात, आणि हक्क सोडण्याचे वाक्य सहीच्या लगेच वर ठळक छापा. पाहुण्याला वाचता येईल अशा भाषेत तो द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि वाचणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्या.

पत्र किमान 3 दिवस आधी पाठवा. पहाटे टॉर्चच्या उजेडात, मागे रांग खोळंबलेली असताना घेतलेली सही समजून केलेली होती असे म्हणणे फार कठीण जाते.

मुले

भारतीय कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीचा करार मुळातच शून्य असतो. ब्रिटिश काळात भारतातली शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहोरी बीबी खटल्यात तसे ठरवले. तेव्हा 16 वर्षांच्या मुलाची सही घेऊन काही हाती लागत नाही. पालकांची सही सहभागाला आणि तातडीच्या उपचारांना संमती म्हणून हवीच, पण तिने मुलाचा स्वतःचा हक्क संपतोच असे धरू नका. हे देशागणिक आणि राज्यागणिक बदलते. मूल बहुतेकदा मामा, मावशी किंवा मैत्रिणीच्या आईबरोबर येते, आणि ती कायद्याने पालक नसतात. अर्ज आठवडाभर आधी घरी पाठवा. आला नाही तर फोनवरच्या होकारावर भागवू नका, पालकांकडून सही करून फोटो मागवा. तोही आला नाही, तर त्या मुलाला बघ्यांच्या जागी बसवा. वाईट वाटते, तरीही.

छोट्या, पण नेहमीच्या चुका

तातडीच्या संपर्कात पाहुणा सोबत आलेल्या मित्राचेच नाव लिहितो. घरी असलेल्या माणसाचा क्रमांक मागा. दमा, मधुमेह, अपस्मार, ॲलर्जी, चालू औषधे यांचे पान वेगळे ठेवा आणि ते फक्त प्रथमोपचार प्रमुखाकडे द्या. फोटो वापरण्याची संमतीही वेगळी घ्या, नाहीतर फोटोला नकार देणारा सगळेच पत्र नाकारतो.

कोणी एखादे कलम खोडून सही केली तर तो कागद गुपचूप गठ्ठ्यात ठेवू नका. खोडलेले पत्र स्वीकारले म्हणजे तो बदल तुम्हाला मान्य, असा अर्थ निघू शकतो. प्रमुखाने तिथेच बोलावे आणि निर्णय घ्यावा.

पावसामुळे मार्ग बदलला आणि नव्या वाटेत ओढा ओलांडावा लागणार असेल, तर जुने पत्र त्या धोक्याबद्दल काही सांगत नाही. सगळ्यांना थांबवा, नवा धोका सांगा, माघार घेण्याची मोकळीक द्या आणि वेळ व हजेरी टिपून ठेवा.

अपघातानंतर राहून गेलेली सही कधीही घेऊ नका, मागची तारीख घालून तर नाहीच. आधी उपचार, मग घरच्यांना फोन, मग घटनेची नोंद: वेळ, जागा, हवामान, साहित्याची अवस्था, साक्षीदार. खराब झालेले साहित्य दुरुस्त न करता बाजूला ठेवा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

पत्रे कार्यक्रम संपला म्हणून टाकू नका. दाव्याची मुदत जिथे जशी असेल तितकी ती जपावी लागतात, आणि मुलांच्या बाबतीत ही मुदत बऱ्याच ठिकाणी सज्ञान झाल्यावर सुरू होते. इंग्लंडमध्ये इजेच्या दाव्याला साधारणपणे 3 वर्षे मिळतात, मुलाला 18 पासून पुढे. म्हणजे तिथे सातव्या वर्षी आलेल्या पाहुण्याचे पत्र 14 वर्षे सांभाळायचे.