प्रयोगशाळेच्या रजिस्टरवर थांबू नका

प्रबंधाला 'गरोदर मातांमधील एचआयव्हीचं प्रमाण' हा विषय मिळाला की सगळे म्हणतात, सोपा आहे, डेटा तयारच असतो. असतो खरा, पण तुमच्या प्रश्नासाठी तयार केलेला नसतो.

मी सगळ्यात जास्त अडकले ती छेदात, म्हणून तेवढं सविस्तर सांगते. समजा, वर्षात २००० मातांची नोंदणी झाली, १६०० जणींची चाचणी झाली आणि ८ जणी पॉझिटिव्ह निघाल्या. झाले ०.५ टक्के. पण आणखी १२ जणी पॉझिटिव्ह असल्याचं आधीच माहीत होतं, औषधं चालू होती, म्हणून त्यांची चाचणी पुन्हा केलीच नाही. प्रयोगशाळेच्या रजिस्टरात त्या दिसणारच नाहीत. नोंदणीच्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात 'एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सुरू' एवढंच सापडतं. त्यांना धरलं की १६१२ पैकी २०, म्हणजे १.२४ टक्के. दुपटीहून जास्त! ०.५ हे नव्याने सापडणाऱ्यांचं प्रमाण आहे, प्रादुर्भाव (म्हणजे जुन्या-नव्या सगळ्या बाधितांचं प्रमाण) नव्हे. उपचार घेत आई होणाऱ्या बायका वाढत गेल्या की पहिला आकडा आपोआप घसरतो, आणि घाईत 'संसर्ग ओसरला' असा निष्कर्ष लिहिला जातो.

चाचणीच न झालेल्या उरलेल्या ३८८ जणींना निगेटिव्ह धरू नका, कृपा करून. उपचाराविना बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते; वेळेत औषधं मिळाली तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. त्यामुळे त्या का सुटल्या, हाच माझ्या मते प्रबंधाचा गाभा.

एका रिॲक्टिव्ह (चाचणीत संसर्गाची खूण दाखवणाऱ्या) निकालावरही केस मोजू नका. प्रादुर्भाव कमी असेल तिथे खोट्या पॉझिटिव्हचा वाटा वाढतो, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सलग तीन रिॲक्टिव्ह निकाल मागते.

घाबरू नका, यात अवघड सांख्यिकी काहीच नाही. मासिक अहवालातले आकडे जोडून काम उरकायला सांगणारा गाइड मात्र ऐकू नका. समुपदेशकाजवळ बसा, कोणती बाई कुठल्या रजिस्टरातून निसटते, हे तिला तोंडपाठ असतं. आणि दोन्ही रजिस्टरं नोंदणी क्रमांकावरून जुळवायची परवानगी एथिक्स कमिटीच्या पहिल्याच अर्जात मागा, नावं न उतरवण्याच्या हमीसह. नंतरच्या दुरुस्तीत फार वेळ जातो.