सीनियर फोटोंचा बेत आखताय? या चुका टाळा

“आजी दिवाळीत येणार, येताना पैठणी आणणार. मग तेव्हाच काढू या का लेकीचे सीनियर फोटो?” असा फोन मला, म्हणजे फोटोग्राफरला, दर ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या कुठल्या ना कुठल्या मराठी घरातून येतोच. सीनियर फोटो म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी, बारावीत, आठवण म्हणून काढलेले फोटो. पैठणीला माझी ना नाही. पण दिवाळीपर्यंत इथली झाडं खराट्यासारखी व्हायला लागलेली असतात. शाळेच्या इयरबुकची (मुलांच्या फोटोंच्या वार्षिक पुस्तकाची) मुदत बऱ्याच ठिकाणी उलटून गेलेली असते. आणि कॉलेजप्रवेशाच्या १ नोव्हेंबरच्या अर्ली अर्जांपायी रात्री जागून मुलीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली असतात. पैठणी कुरियरने मागवा, किंवा कुणा मावशीची मागून आणा. फोटो मात्र ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकून घ्या.

इयरबुकचा फोटो आणि आपले फोटो एकच समजणं

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इयरबुकचा फोटो बहुतेक शाळा ठरलेल्या स्टुडिओकडून काढून घेतात: साधी पार्श्वभूमी, फक्त डोकं-खांदे, पुष्कळ ठिकाणी मुलींना खांद्यांभोवती काळा ड्रेप (कापड) आणि मुलांना टक्सीडो. तिथे तुमची कल्पकता कुणाला नको असते. काही शाळा बाहेरून काढलेला फोटो घेतात, पण त्याचं माप, पार्श्वभूमी, मुदत सगळं ठरलेलं असतं. शाळेचा नियमांचा कागद अकरावीच्या उन्हाळी सुट्टीआधीच मागून घ्या. नदीकाठी नौवारीत काढलेला सुंदर फोटो ‘नियमात बसत नाही’ म्हणून परत आला की घरात जे होतं ते मी पाहिलंय.

थीम मुलाच्या अंगावर टांगणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आई इंटरनेटवर चित्रं जमवते: जुनी पेटी, टाइपरायटर, गवतात अंथरलेला गालिचा, दिव्यांची माळ. मग हे सगळं एका सतरा वर्षांच्या मुलाभोवती मांडायचं. अशा एका सेशनमध्ये त्या मुलाने टाइपरायटर आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. बोटं कुठे ठेवायची तेही त्याला ठाऊक नव्हतं. तासभर तो दुकानातल्या पुतळ्यासारखा बसला. शेवटी सामान गाडीत भरताना मला डिकीत ढोल दिसला. पठ्ठ्या चार वर्षं ढोल-ताशा पथकात वाजवत होता! ढोल कमरेला बांधला, हातात टिपरू घेतलं आणि त्याचे खांदे आपोआप सरळ झाले. आधीच्या तासाभरातला एकही फोटो त्या घरात लागला नाही.

म्हणून थीम ठरवताना मुलाला “तुला काय आवडेल?” असं विचारू नका. उत्तर येतं, “आय डोन्ट नो.” त्याऐवजी विचारा, “गेल्या चार वर्षांत तुझा सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला?” रोबोटिक्सची खोली, मार्चिंग बँड, आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी, डिबेटच्या बसमधले शनिवार, काहीही निघेल. मग त्यातली वापरून झिजलेली वस्तू घ्या. नवी कोरी विकत आणलेली नको. फाटलेल्या बुटांना जो चेहरा असतो तो नव्या बुटांना नसतो.

घरचं आणि बाहेरचं एकत्र आणायचं असेल तरी हीच कसोटी लावा. क्रॉस कंट्री धावणाऱ्या मुलीला नौवारी नेसवून कठड्याला टेकून उभं करण्यात काय मजा? काष्टा असतोच पाय मोकळे राहावेत म्हणून. तिचेच धावायचे बूट घालून तिला पळू द्या. फक्त नेसायला तासभर लागतो, तेव्हा नौवारी घरून नेसून निघा आणि तेच फोटो आधी काढा. पार्किंगमध्ये निऱ्या घालत बसलात तर सूर्य थांबणार नाही. दीड तासात दोन पोशाख पुरे. पाच पोशाख म्हणजे मुलीचा अर्धा वेळ गाडीच्या मागच्या सीटवर कपडे बदलण्यात जातो.

मुलाला जादूगार किंवा अंतराळवीरच व्हायचं असेल तर जरूर होऊ द्या, ती हौस त्याची स्वतःची आहे. एकच सूचना: तलवार, दांडपट्टा किंवा खऱ्यासारखी दिसणारी बंदूक शाळेच्या आवारात किंवा सार्वजनिक बागेत नेऊ नका, खोटी असली तरी. इथे कुणी पोलिसांना फोन केला तर समजावून सांगायला तुम्हाला सवड मिळेलच असं नाही.

‘संध्याकाळी पाचला’ भेटणं

मऊ, सोनेरी उजेड सूर्यास्ताआधीच्या तासात मिळतो, आणि सूर्यास्त इथे सरड्यासारखा वेळ बदलतो. मध्य न्यू जर्सीत २१ जूनच्या सुमारास तो साडेआठला होतो, ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाच्या आसपास, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचच्याही आधी. जूनमध्ये पाचला उभं केलंत तर मुलं डोळे बारीक करूनच येतील.

चेहरा हिरवट, आजारी दिसतोय? मूल दाट झाडीखाली उभं आहे. पानांवरून परतलेला उजेड हिरवा असतो आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो फार वाईट दिसतो. त्याला सावलीच्या कडेला आणा, तोंड मोकळ्या आकाशाकडे करा, छातीच्या खाली पांढरा फोम बोर्ड धरा. तो स्वस्तातल्या दुकानात मिळतो. साडीची जरी पांढरीफटक येतेय? थेट उन्हातून बाजूला या आणि एक्स्पोजर थोडं उतरवा. चष्मा काळा होतोय? रंग बदलणाऱ्या काचा अतिनील किरणांनी काळ्या होतात, त्यामुळे सावलीतही फसवतात; जुना साधा चष्मा बरोबर ठेवा. चष्म्यावर चमक येत असेल तर कानावरच्या काड्या किंचित वर उचला.

आणि एडिटिंगमध्ये रंग उजळायला सांगणाऱ्या पालकांना माझं उत्तर ठरलेलं आहे: पुटकुळी काढीन, रंगाला हात लावणार नाही.

फोटोसाठी जीव धोक्यात घालणं

रेल्वेरुळांवरचे फोटो अजून मागितले जातात. मी काढत नाही. रूळ ही रेल्वेची मालमत्ता आहे, तिथे शिरणं बेकायदा आहे. ताशी ५५ मैलांनी येणाऱ्या मालगाडीला थांबायला एक मैल किंवा त्याहून जास्त अंतर लागतं, आणि डबे रुळांच्या दोन्ही बाजूंना किमान ३ फूट बाहेर आलेले असतात. ‘आम्ही कडेलाच उभे राहू’ याला काही अर्थ नाही.

फोटोत रंगीत धूर यावा म्हणून पेटवायच्या धुराच्या कांड्यांचंही तसंच. ५ सप्टेंबर २०२० ला कॅलिफोर्नियात युकाइपाजवळच्या उद्यानात बाळाचं लिंग जाहीर करायला पेटवलेल्या अशाच कांडीने वणवा लागला. २२ हजारांहून जास्त एकर जळालं आणि आग विझवणाऱ्या एकाचा जीव गेला. फुलबाजी आपल्याला पोरखेळ वाटते, पण तिचं तापमान सुमारे ११०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं; मॅसॅच्युसेट्समध्ये तर तिच्यावर बंदीच आहे. मुद्दाम फुगे आकाशात सोडणं व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये २०२१ पासून बेकायदा आहे, फ्लोरिडात २०२४ पासून. रंगीत ओढणी वाऱ्यावर सोडा, तीही छान उडते.

फॉलमध्ये लाल पानांचा एखादा सुंदर वेल दिसला की मुलं त्याला टेकून उभी राहतात. आधी पानं मोजा. एका देठावर तीन-तीन असतील तर ती पॉयझन आयव्ही (अंगाला खाज आणणारी विषारी वेल) असू शकते, आणि लाल झाली तरी तिची खाज तेवढीच. उंच गवतात बसवलंत तर घरी गेल्यावर गोचीड तपासा. गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाला जवळच्याच कनेटिकटमधल्या गावाचं नाव आहे.

परवानगीचं थोडक्यात: काउंटी पार्क आणि बोटॅनिकल गार्डन पैसे घेऊन काम करणाऱ्या फोटोग्राफरकडे बहुधा परमिट मागतात. ते काढायची जबाबदारी कुणाची, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा.

मूल लाकडासारखं उभं राहिलं तर

बहुतेक वेळा कारण कॅमेऱ्यामागे उभं असतं आणि “नीट हस ना!” म्हणत असतं. आईबाबांनी कॉफी आणायला जावं. जागेवर भाऊ, बहीण किंवा जवळचा मित्र हवा. मुलाला पोझ देण्यापेक्षा काम द्या: बुटाची नाडी बांध, व्हायोलिन सुरात लाव, चेंडू झेल. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मग उरतच नाही.

पदवीदान समारंभाच्या टोपी-झग्यातले, म्हणजे कॅप-गाऊनचे, फोटो याच सेशनमध्ये घुसवू नका. गाऊन बहुधा वसंतात हातात पडतो, मेचे पहिले दोन आठवडे एपी (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षांचे असतात. म्हणून मेअखेरीस वेगळा अर्धा तास ठेवा. पदवी मिळेपर्यंत टॅसल (टोपीचा गोंडा) उजवीकडे असतो, हे उभं करतानाच बघून घ्या. गाऊन पाकिटातून घड्यांसकट निघतो आणि बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तेव्हा गरम इस्त्री लावू नका. आदल्या रात्री बाथरूममध्ये टांगा आणि दार लावून दहा मिनिटं गरम पाण्याचा शॉवर सोडा.