वलयी हायड्रोकार्बनचे स्थैर्य कसे ताडून पाहावे

नायलॉन-६ साठी लागणारे कॅप्रोलॅक्टम हे रसायन वडोदऱ्यात तयार होते आणि त्याच्या निर्मितीची वाट सहसा सायक्लोहेक्झेन या सहा कार्बनांच्या वलयावरून जाते. म्हणून येथील मराठी घरांतून बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुलांना हे वलय केवळ वहीतला षटकोन वाटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

संपृक्त, म्हणजे केवळ एकेरी बंध असलेले, वलय तपासताना प्रथम ज्वलनउष्णता पाहावी. एका मोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेला वलयातील मेथिलिन (CH₂) गटांच्या संख्येने भागले असता तीन कार्बनांच्या सायक्लोप्रोपेनसाठी सुमारे ६९७, पाच कार्बनांच्या सायक्लोपेंटेनसाठी ६६४ आणि सायक्लोहेक्झेनसाठी ६५९ किलोज्यूल येतात. सरळ साखळीतही हा आकडा ६५९च्या आसपास असतो. सरळ साखळीपासूनच्या फरकाला कार्बनच्या संख्येने गुणले की ताण, म्हणजे वलयात साठलेली जादा ऊर्जा, मिळतो: सायक्लोप्रोपेनमध्ये तो जवळपास ११५ किलोज्यूल, तर सायक्लोहेक्झेनमध्ये जवळजवळ शून्य.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी १८८५ मध्ये सर्व वलये सपाट मानली होती. त्या हिशेबाने १०८ अंशांचा पंचकोन १०९.५ अंशांच्या नैसर्गिक बंधकोनाला सर्वांत जवळचा, म्हणून सर्वांत स्थिर ठरायला हवा होता. उष्णतेचे आकडे मात्र षटकोनाच्या बाजूने आहेत. तीन कार्बनांना सपाट राहण्यावाचून गत्यंतर नसते, त्यापुढची वलये वाकू शकतात.

हे वाकणे हाताने करून पाहावे. शाडूच्या मातीच्या सहा गोळ्या सहा काड्यांनी वलयात जोडून एक गोळी वर, एक खाली अशा आळीपाळीने ठेवाव्यात, हेच खुर्चीरूप. वरच्या गोळीवर एक काडी सरळ वर आणि खालच्या गोळीवर सरळ खाली रोवावी, म्हणजे अक्षीय जागा मिळतात. उरलेल्या सहा काड्या किंचित तिरप्या, बाहेरच्या दिशेने लावाव्यात, त्या विषुववृत्तीय. आता कोणत्याही कार्बन-कार्बन बंधाच्या दिशेने डोळा लावून पाहिल्यास पुढच्या व मागच्या काड्या एकमेकींच्या आड येत नाहीत. बंधकोन बिघडल्याचा आणि शेजारच्या काड्या समोरासमोर आल्याचा (मरोडीचा), दोन्ही ताण एकाच वेळी नाहीसे होतात, हे मला या रचनेचे खरे सौंदर्य वाटते. एक टोक उलट वळवून होडीरूप केले की तळाच्या काड्या समोरासमोर येतात.

एका हायड्रोजनच्या जागी मेथिल (CH₃) गट जोडायचा असल्यास तो विषुववृत्तीय जागी दाखवावा. अक्षीय जागी त्याच बाजूचे दोन अक्षीय हायड्रोजन त्याला अडतात, त्यामुळे ते रूप सुमारे ७.३ किलोज्यूलने महाग पडते आणि सामान्य तापमानाला जवळपास ९५ टक्के रेणू विषुववृत्तीय रूपात आढळतात. बेंझिनला मात्र यांपैकी काहीही लावू नये. ते सपाटच असते आणि त्याचे स्थैर्य संपूर्ण वलयावर पसरलेल्या सहा पाय (π) इलेक्ट्रॉनांतून, म्हणजे दुहेरी बंधांतल्या जादा इलेक्ट्रॉनांतून, येते.