प्लायची शीट सांगण्याआधी: घरात मॉडेल रेल्वे मांडताना या चुका टाळा

बेळगावात काय, निपाणीत काय, मॉडेल रेल्वेचं मनावर घेतलं की लोक आधी सुताराला आठ बाय चारची शीट सांगून टाकतात. खोली कुणी मोजत नाही. मग दहा बाय बाराच्या खोलीत ती शीट कोपऱ्यात दोन भिंतींना टेकते आणि पलीकडे घसरलेला डबा उचलायला टेबलावर चढावं लागतं. हात आरामात पोचतो दोन-अडीच फूट. त्यापलीकडे सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, ठेवूच नका, कारण गाड्या बहुधा सांध्यावरच घसरतात. शीट मधोमध ठेवली तर फिरायला वाट मिळते खरी, पण खोलीत दुसरं काही मावत नाही.

माझं मत सरळ आहे: शीट विसरा, भिंतींच्या कडेने दीड फुटाची फळी फिरवा. माणूस मधे उभा राहतो आणि वळणंही ऐसपैस मिळतात. दारापुढचा तुकडा तेवढा उचलता येईल असा करा, आणि दार आत उघडतं की बाहेर ते आधी बघा. जुन्या घरात सोप्यावर मांडायचा विचार असेल तर गणपती कुठे बसतो तेही घरच्यांना आधीच विचारा. ऐन पावसाळ्यात सगळं उचलायची पाळी येते.

पुढची चूक लांबीची. एचओ म्हणजे 1:87 या मापात (खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग) आपला वर्षानुवर्षं दिसत आलेला आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याच्या बनावटीचा डबा साधारण साडेचोवीस सेंटिमीटर भरतो. वीस डब्यांची गाडी केली तर ती सोळा फूट होते, म्हणजे खोलीपेक्षा लांब! इंजिन आणि पाच डबे धरा, फलाट पाच फुटांचा ठेवा. सेटबरोबर येणाऱ्या 18 इंच त्रिज्येच्या वळणावर हे लांब डबे बेढब लोंबतात. 24 इंचाखाली जाऊ नका. एवढी जागा नसेल तर 1:160 चं एन माप घ्या, त्याचे रूळ फक्त 9 मिलिमीटर अंतराचे असतात.

चढाच्या बाबतीत आपल्याकडचे लोक हटकून फसतात, कारण डोळ्यासमोर गोव्याच्या वाटेवरचा कॅसलरॉकचा घाट असतो. कॅसलरॉक ते कुळे हा घाट 1:37 चा, म्हणजे 37 फुटांत एक फूट चढणारा आहे आणि खऱ्या गाडीलाही तिथे जादा इंजिनं जोडावी लागतात. एचओमध्ये एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला सुमारे 75 मिलिमीटर उंची लागते. घाटाच्याच चढाने गेलात तरी नऊ फूट चढ आणि नऊ फूट उतार झाला. आठ बाय चारवरचा 18 इंची वळणांचा अख्खा फेरा जेमतेम तेवढाच भरतो, मग स्टेशन कुठे बांधणार? घाटाची हौस सपाट रुळामागे डोंगर उभा करून भागवा.

खानापूर-लोंढ्याकडच्या पावसात प्लाय फुगतो. वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि दोन्ही बाजूंनी, कडांसकट रंगवा. खालची बाजू कोरी राहिली की फळी वाकते. फळीच्या जोडावर रुळात बारीक फट सोडा. कौलारू घरात वरून धूळ पडते, तेव्हा आधी छताखाली कापड किंवा प्लास्टिक ताणून घ्या. रूळ पितळी नकोत, निकेल सिल्व्हरचे घ्या. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावलात तर चरे पडतात आणि चऱ्यात मळ बसतो.

गाडी लांबच्या टोकाला मंदावत असेल तर इंजिन उघडत बसू नका. वीज एकाच ठिकाणी जोडलेली असते आणि रुळांच्या जोडपट्ट्यांतून जाताना तिचा दाब कमी होत जातो; दर तीन-चार फुटांवर तार सोल्डर करा. एकाच जागी सगळे डबे घसरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा सगळीकडे घसरत असेल तर त्याची चाकं तपासा. आणि रूळ वळसा घेऊन गाडीला उलट तोंडाने त्याच रुळावर परत आणत असेल तर साध्या डीसीवर (एक रूळ धन, दुसरा ऋण) शॉर्ट होणारच, त्या वळशाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून वेगळा स्विच बसवा.